मनाच्या डॉक्टराची चिठ्ठी

जुलै उजाडला की आमच्या कॉलेजात दोन वास एकदम येतात. एक प्रवेश अर्जांच्या गठ्ठ्याचा, सायक्लोस्टाइलच्या शाईचा. दुसरा स्टाफरूमच्या मागच्या बांधीतल्या चिखलाचा. बांधी म्हणजे चारी बाजूंनी बांध घालून पाणी अडवलेलं आमच्याकडचं धानाचं शेत. भंडाऱ्यात कॉलेज काढायचं म्हणजे ते धानाच्या शेजारीच काढावं लागतं. खिडकी उघडली की गढूळ पाण्याच्या बांध्या दिसतात आणि त्यात पाठ वाकवून मागं मागं सरकणाऱ्या बायांची ओळ. रोवणी लागलेली असते. त्यांचं बोलणं, खिदळणं, मधूनच एखादं गाणं थेट माझ्या टेबलापर्यंत येतं. मी उठून खिडकी लावून घेतो. शिपाई म्हणतो, "सर, उकडून राह्यलं ना जी!" मी म्हणतो, आवाज येतो. मग तो माझ्याकडे असा बघतो की या मास्तर लोकांचं काही खरं नाही.

याच दिवसांत पालक येतात. धोतराचा सोगा ओला, पायाला चिखल, हातात पोराची गुणपत्रिका घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत. खुर्चीच्या अगदी कडेला बसतात आणि विचारतात, "सर, या मानसशास्त्रात भेटते काय?"

माझं उत्तर पाठ आहे. कॉलेजात शिकवता येतं. मोठ्या शहरात मनोरुग्णालयं आहेत, तिथं जागा असतात. कारखान्यात कामगार कल्याणाकडे घेतात. सैन्यात माणसं निवडायला लागतात. पुढे शाळाशाळांतून सल्लागार नेमतील, तेव्हा तर बघायलाच नको. हे सगळं खरं आहे. आणि या सगळ्या जागा मिळून जेवढ्या होतात त्याहून जास्त पोरं एकट्या माझ्या वर्गात बसतात, हेही खरं आहे. ते मी सांगत नाही. कापडवाला जसा रंग जाणार नाही म्हणतो, तसा मी बोलत राहतो. पगाराचं विचारलं तर म्हणतो, सुरुवातीला बेताचाच असतो, पुढे वाढतो. पालक मान डोलावतात. शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर ते दुसरं करणार तरी काय?

शिकलेला माणूस सांगतोय म्हणून एका अख्ख्या गावानं एकदा माझं ऐकलं होतं. त्याला नऊ वर्षं झाली. त्या हंगामात मी एका बाईचा जीव नासवला, आणि तसं करताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

हा विषय मी काही ध्येयबिय म्हणून घेतला नव्हता. मला विज्ञानाला जायचं होतं, गुण कमी पडले. नागपूरच्या कॉलेजातल्या कारकुनानं अर्ज उलटसुलट केला आणि म्हणाला, सायकॉलॉजीत जागा आहेत, घे नाहीतर घरी जा. मी घेतलं. त्याच विषयात एम.ए.पर्यंत रेटत गेलो, कारण रेटणं थांबवलं असतं तर घरी जावं लागलं असतं. सुट्टीत गावी आलो की बाबा विचारायचे, काय शिकतोस रे? मी म्हणायचो, मनाचा अभ्यास. बाबांनी अड्याळच्या बाजारात कुणाकुणाला सांगितलं, माहा पोरगा मनाचा डॉक्टर होऊन राह्यला. बाजारातून ती बातमी आमच्या गावात बैलगाडीच्या आधी पोचली. पुढच्या सुट्टीत लोक मला डॉक्टर म्हणायला लागले. मी हसायचो. नाही म्हणालो नाही. पहिली लाज वाटायला हवी होती ती तिथंच, पण तेव्हा गोड वाटलं.

पास झालो तेव्हा आणीबाणी उठून वर्ष-सव्वा वर्ष झालं असेल. नोकरीसाठी नाव नोंदवायला गेलो, तर टेबलावरच्या बाबूनं छापील यादीवरून दोनदा बोट फिरवलं. शिंपीकाम होतं, टंकलेखन होतं, गवंडी होता, माझा विषय नव्हता. शेवटी त्यानं "इतर" असं लिहिलं. बी.एड. करून मास्तर व्हावं म्हटलं, तर हा विषय शाळेत शिकवतच नाहीत म्हणून तेही दार बंद. मनोरुग्णालयात म्हणे एकच जागा होती आणि तीवर बसलेला माणूस माझ्याहून फार मोठा नव्हता, म्हणजे पंचवीस-तीस वर्षं तरी तो हलणार नव्हता. अशी सगळी चौकशी करून मी पेटी घेऊन गावी आलो. वर आभाळ भरून आलेलं, खाली पऱ्हे वीतभर वर आलेले. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. ती उपटून, जुड्या बांधून चिखलात रोवायची, की झाली रोवणी.

गावात पगाराची मापं ठरलेली होती. एक शाळामास्तरचा, एक एस.टी.च्या कंडक्टरचा, एक जंगलखात्याच्या गार्डाचा. पारावर कुणीतरी विचारायचंच, "का जी डॉक्टरसाहेब, तुमाले कंडक्टरपेक्षा जास्ती भेटन का कमी?" मी म्हणायचो, सुरुवातीला बेताचाच, पुढे वाढतो. बघा, उत्तर तेव्हापासूनच तयार आहे.

सकाळी घरातले सगळे बांधीवर जायचे. मीही धोतर खोचून निघालो, तर बाबांनी अडवलं. "तू नोको येऊ. लोक म्हनतीन, सोळा वर्सं सिकून चिखलच तुडवून राह्यला." त्यांचा आवाज रागावलेला नव्हता, ओशाळलेला होता. मी ओसरीवर बसून राहिलो. त्या ओसरीवरून मी बघितलेला तो पाऊस अजून तसाच आठवतो. पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन चिखलातून जाणाऱ्या बाया. त्यांच्या कमरेला बांधलेलं भाकरीचं फडकं. परतताना बोटांमधे चिखल्या झालेले त्यांचे पांढरे पाय. आईच्या चुलीवर तरोट्याची भाजी, रोज तरोट्याची भाजी, कारण ती फुकट उगवते. जंगलाकडून कुणी सात्या आणल्या की त्या दिवशी घरात सण. सात्या म्हणजे पावसात वारुळापाशी उगवणारी भुईछत्रं. मी खायचो पोटभर. एका रोपालाही हात न लावता खायचो. हातात इंग्रजी पुस्तक उघडं असायचं, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटावं की हा काही बसून नाही, कामात आहे.

कौसल्यावहिनीचं नाव आता घ्यायला हवं. आठ घरं सोडून ताराचंदभाऊचं घर, आणि ती त्याची बायको. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. आमच्या आळीत तिच्याइतकी बोलघेवडी बाई नव्हती. रोवणीची गाणी दोन गटांत चालतात. ओळीच्या या टोकानं विचारायचं, त्या टोकानं उत्तर द्यायचं, आणि उत्तर देणाऱ्या टोकाला बहुतेक वेळा कौसल्यावहिनी असायची. मी शाळेत असताना बांधावरून दप्तर घेऊन चाललो की ती वाकल्या वाकल्या गाण्यातच माझं नाव गुंफायची आणि सगळी ओळ हसायची. मी लाल होऊन पळायचो. तिला मोठी मुलगी होती, वनिता, तेव्हा आठ वर्षांची. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी दुसरी झाली होती. ती नऊ महिन्यांची त्या उन्हाळ्यात गेली.

गेली ती अशी. तेंदूपत्त्याचे दिवस होते. आमच्याकडं त्या दिवसांत घरात कुणी थांबत नाही, पहाटे अंधारात जंगल गाठायचं आणि ऊन डोक्यावर यायच्या आत बिडीची पानं तोडून आणायची. वहिनीनं पोर बरोबर नेलं, झाडाला लुगड्याची झोळी बांधली. परतायला उशीर झाला. संध्याकाळी पोराला उलट्या-जुलाब लागले आणि दुसऱ्या दिवशी सगळं संपलं. वहिनी आठवडाभर रडली आणि मग बोलायचीच बंद झाली. भिंतीकडे बघत बसायची. चुलीवरचा भात करपायचा तरी कळायचं नाही. ताराचंदभाऊनं अंगारा आणला, दोरा बांधला. अड्याळच्या डॉक्टरनं ताकदीचं इंजेक्शन दिलं. मग एका दुपारी, पाऊस मी म्हणत असताना, तो आमच्या ओसरीवर आला.

लहानपणापासून तो मला "अबे सुदाकर" म्हणायचा. त्या दिवशी खांबाला टेकून उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

"तुमी मनाचे डॉक्टर," तो म्हणाला. "तिचं मनच बिघडलं हाये. बगा न जी काही."

तुमी. ताराचंदभाऊ मला तुमी म्हणाला. तेवढ्यानं माझ्या अंगात काय शिरलं ते मलाच ठाऊक. दोन-तीन आठवडे ओसरीवर बसून खाल्लेली तरोट्याची भाजी एकदम पचली. मी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं, चष्मा पुसला आणि गंभीर झालो. रोग्याची माहिती घ्यायची चार पानी पद्धत मला शिकवली होती. मी दोन प्रश्न विचारले. जेवते का? रडते का? तो म्हणाला, जेवते थोडं, रडत नाही, पण आपण मनधरणी केली की डोळे भरतात. झालं. मला पुस्तकातलं प्रकरणच आठवलं. ज्या वागण्याला दाद मिळते ते वाढतं, ज्याला मिळत नाही ते आपोआप विझतं. पुस्तक उंदरांवर आणि कबुतरांवर लिहिलेलं होतं. मी ते आमच्या आळीतल्या बाईला लावलं.

तिला बघायला मी गेलो नाही. आठ घरं. पाऊस होता हे निमित्त झालं. खरं म्हणजे तिच्यापुढं बसून काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे ताराचंदभाऊला कळलं असतं.

मी तोंडी सांगितलं, तर तो तसाच उभा. "चिठ्ठी देता का जी? डाक्टर लोक चिठ्ठी देतेत." चिठ्ठीशिवाय औषध खरं कसं? मी वहीचं पान फाडलं. होस्टेलच्या फळ्यावर नोटिसा वाचून वाचून माझी भाषा तशीच झाली होती. लिहिलं की रुग्णाच्या गप्प बसण्याकडे घरातल्या वा बाहेरच्या कोणीही लक्ष देऊ नये, तिची मनधरणी करू नये, आणि पुढील सूचना मिळेपर्यंत तिच्याशी कोणी बोलू नये. खाली सही केली. सहीपुढे एम.ए. असं लिहिलं. ताराचंदभाऊनं चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली.

दुसऱ्या दिवशी तो पळसाच्या पानात बांधलेल्या मासोळ्या घेऊन आला. तलावाच्या सांडव्याखाली रात्रभर टोपली लावून धरलेल्या, बोटभर, चांदीच्या. बाबांनी पुडा हातात घेऊन आईला हाक मारली, "पाय वो, पोराची पयली कमाई!" त्या पदवीवर मी मिळवलेलं ते पहिलं उत्पन्न. आईनं चिंच घालून कालवण केलं. इतकं चवदार कालवण मी त्या वर्षी दुसरं खाल्लं नाही. आता पानात मासोळ्या आल्या की मी बायकोला म्हणतो, पित्त झालंय.

चौथ्या दिवशी नागपूरहून तार आली. एका कॉलेजात तासांवर शिकवणारा माणूस आजारी पडला होता, त्याच्या जागी तात्पुरता मी. मी घाईघाईनं पेटी भरून एस.टी. धरली. नवी गादी, नवा कंदील, तासामागे मिळणारे रुपये मनातल्या मनात गुणण्याचा आनंद. त्या धांदलीत कौसल्यावहिनी मला एकदाही आठवली नाही. हे मला पुन्हा लिहावंसं वाटतं. एकदाही नाही.

पोळ्याला घरी आलो. शिंगं रंगवलेले बैल तोरणाखाली उभे होते, पोरं झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणत होती. रोवणी टोळीची म्होरकी भागाबाई गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आली. साठीची बाई, गुडघे गेलेले, पण ओळीत सगळ्यांच्या पुढं. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "बाबू, आता बोलाव का जी तिच्यासंगं? तुमी तं सांगून नाई गेले."

मला कळलंच नाही. म्हटलं, कुणासंगं?

"कौसल्यासंगं. तुमची चिठ्ठी होती ना."

मग तिनं सांगितलं. आजूबाजूला बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या आणि ती माझ्या कानाशी बोलत होती. ताराचंदनं चिठ्ठी टोळीला वाचून दाखवली होती. सगळ्या बायांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली होती की कौसल्या बरी व्हावी म्हणून आपण पाळायचं. ताराचंद तिला रोज रोवणीला आणून सोडायचा, आणि त्यांनी पाळलं. कुणी जुडी पुढं केली तर मुकाट्यानं केली. कुणी पाणी दिलं तर मुकाट्यानं दिलं. गाणं ओळीतून सरकत तिच्यापाशी आलं की तिच्या पुढची बाई ते उचलायची.

"चवथ्या रोजी ती आपून होऊन बोलली, बाबू. म्हने, भागाबाई, पानी लय गार हाये आज. माह्या तोंडी आलं होतं, हो वो माय. पन चिठ्ठी आठोली. म्या जीभ चावली. मंग दोन-तीन डाव बोलली ती. कोनी ओ देल्ली नाई. तुमचा निरोप नोता ना आला! मंग नाई बोलली."

म्हणजे माझं औषध लागू पडायच्याही आधी ती स्वतःच वर येत होती. तिच्या मनानं धीर करून पाणी गार आहे एवढं म्हटलं होतं. बांधीत वाकलेल्या पंधरा बायांना ते ऐकू आलं होतं आणि पंधराजणींच्या तोंडात उत्तर होतं. ते माझ्या सहीनं अडवलं. भागाबाईला मी काय म्हणालो? म्हणालो, हो, आता बोलायला हरकत नाही. असं म्हणालो. डॉक्टरासारखं. चूक झाली असं म्हणालो नाही.

"पोरीले बी बापानं नाई बोलू देल्लं," जाता जाता भागाबाई म्हणाली. "वनिता दीड महिना मायच्या कुसीत निजे, अन् मुकी."

पाडव्याच्या सकाळी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, वहिनीचा भाऊ कोंढ्याहून दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी, घेऊन आला आणि तिला माहेरी घेऊन गेला. आमच्या ओसरीसमोरून दमणी गेली. ती मागं तोंड करून बसली होती. मी उघड्या पुस्तकात डोकं घातलं. दोन वर्षं ती माहेरी राहिली, मग परत आली. बोलायला लागली म्हणे, पण कामापुरतं. गाणं मात्र गेलं ते गेलं.

माणसाला लाज वाटते तेव्हा तो काय करतो, याच्यावर माझ्या विषयात बरंच लिहिलेलं आहे. मी वर्गात ते छान शिकवतो. स्वतः मी वाट बदलली. सुट्टीत गावी गेलो की बसस्टँडवरून तलावाच्या पाळीनं घरी जायचो, म्हणजे तिच्या दारावरून जावं लागू नये. लग्नाला तिला आमंत्रण बाबांच्या नावानं गेलं. मला पक्की नोकरी लागली, पगार खरोखरच वाढत गेला, घर झालं, पंखा आला. दर महिन्याला सही करून पाकीट घेताना माझ्या सहीचं वळण मला दिसतं. तेव्हाचंच आहे, एम.ए. तेवढं आता कुणी लिहायला सांगत नाही.

गेल्या आठवड्यात प्रवेशाची गर्दी ओसरल्यावर दुपारी दारात एक मुलगी आणि तिची आई उभ्या राहिल्या. मुलगी उंच, दोन वेण्या, ओढणी खांद्यावर पिनेनं टाचलेली. आईचे केस कानशिलाशी पिकलेले. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "वळखलं का, सुधाकरभाऊ?"

मी उभा राहिलो. बसा म्हणालो. कौसल्यावहिनी खुर्चीच्या कडेला बसली.

"हे वनिता. बारावी झाली. म्हनते, तुमचाच विषय घेतो. म्या म्हटलं, चाल, त्याइलेच इचारू. भेटते काय त्यात?"

मी सुरू झालो. कॉलेजात शिकवता येतं. मनोरुग्णालयं आहेत. माझाच आवाज मला ऐकू येत होता. वनिता माझ्याकडे सरळ बघत होती, पापणी न लववता. तिला हा विषय काय समजून घ्यायला हवा आहे, ते विचारायची माझी छाती झाली नाही. कारखान्यांपर्यंत येऊन मी थांबलो. वहिनी म्हणाली, "पगार बरा असन मंग." मी म्हणालो, सुरुवातीला बेताचा. तिनं समाधानानं मान हलवली आणि लेकीला म्हणाली, जाय, कागद घेऊन ये.

वनिता ऑफिसकडे गेली. खिडकी बंद होती तरी मागच्या बांधीतलं गाणं काचेतून येत होतं. वहिनीनं ते ऐकलं. हातातला रुमाल उलगडला, परत घडी केला.

"एक इचारू? राग नोका मानू."

"विचारा ना."

"त्या साली गावानं माह्यासंगं बोलनं टाकलं होतं. मले वाटलं, वाळीत टाकलं आपल्याले. मंग पोळ्याच्या राती मालूम पडलं का तुमी सांगतलं होतं. म्या तुमाले दोस नाई देल्ला कधी. तुमी सिकलेले. तुमाले दिसलं असन." तिचा आवाज अगदी साधा होता, बाजाराचा भाव विचारावा तसा. "पोरगी माह्याच हातानं गेली, नाई? म्या उनात नेली. दोन गड्ड्या जास्ती तोडाले थांबली. तेच दिसलं होतं ना तुमाले? म्हनून तं एवढी सजा सांगतली. मले फकत एकदा तुमच्या तोंडून आयकाचं हाये."

नऊ वर्षं ती हे घेऊन जगली होती. भात रांधला, धान रोवलं, लेक बारावी केली, आणि रोज हे. मी तिला गुन्हेगार ठरवलं आहे आणि माझ्यासारख्या शिकलेल्यानं ठरवलंय म्हणजे ते खरंच असणार, असं तिनं मानून घेतलं होतं. मला तोंड लपवायला जागा नव्हती. टेबलावर फक्त फायली होत्या.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "मला काहीच दिसलं नव्हतं. मी तुम्हाला बघायला आलोच नव्हतो. पोर उन्हाळी जुलाबानं गेलं, त्या महिन्यात गावात आणखी दोन गेली होती. तुमचा काही दोष नव्हता. ती सजा नव्हतीच. मला काही येत नव्हतं, आणि येत नाही हे सांगायची लाज वाटली, म्हणून मी ते लिहून दिलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, रडेल. मला वाटलं, ओरडेल, आणि तिनं ओरडावं असं मनापासून वाटलं.

"कायीच नोतं?"

"काहीच नव्हतं."

"म्हंजे म्या..." एवढंच म्हणून तिनं पदर तोंडाला लावला. मग डोळे पुसून ती खुर्चीत नीट मागं टेकून बसली. आल्यापासून पहिल्यांदाच.

"गावानं तं रोवण्यापुरतंच बोलनं टाकलं होतं, भाऊ," ती म्हणाली. "माहेरी जाच्या आंदल्या रातीच भागाबाई घरी आली, माह्या गयात पडून रडली, माफी मांगली. तुमी मातर नऊ वर्सं नाई बोलले."

वनिता अर्ज घेऊन परत आली, तेव्हा मी उठून मागची खिडकी उघडत होतो, आणि बांधीतलं गाणं आत येत होतं.